स्पूल टेपांचे डिजिटायझेशन : यंत्र आधी नेमके कशाशी जुळवून घ्यावे?

खर्जातला_गंधार (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या गावातील एका जुन्या संगीत मंडळाच्या कपाटात मैफलींच्या ६२ स्पूल टेपा निघाल्या आहेत. साधारण १९७०च्या दशकाच्या मध्यापासून १९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंतचे हे ध्वनिमुद्रण आहे. पाव इंच रुंदीच्या या टेपा बहुतेक सर्व सेकंदाला १९ सेंटीमीटर वेगाच्या आहेत. सुरुवातीच्या टेपा संपूर्ण रुंदीवर एकच मोनो ट्रॅक असलेल्या यंत्रावर मुद्रित झाल्या असून नंतरच्या स्टिरिओ आहेत. ही जबाबदारी मंडळाने माझ्याकडे दिली आणि मी त्यासाठी दोन ट्रॅकच्या हेडचे जुने टेपयंत्र, रेव्हॉक्स बी७७, घेतले. विकणाऱ्याने ‘यंत्र पूर्ण कॅलिब्रेट केले आहे’ असे सांगितले होते. कशावर केले, असे विचारल्यावर मात्र त्याला उत्तर देता आले नाही.

टेप लावण्यापूर्वी निदान ऑडिओ इंटरफेस तरी तपासावा म्हणून मी संगणकावरून १ किलोहर्ट्झचा साइन टोन उणे १४ डीबीएफएस (डिजिटल कमाल पातळीच्या १४ डेसिबल खाली) पातळीवर सोडला. पुस्तिकेनुसार आउटपुटवर अधिक ४ डीबीयू, म्हणजे १.२२८ व्होल्ट मिळायला हवे होते. माझ्या मल्टिमीटरने ०.५७ दाखवले. तोच टोन केबलने परत इनपुटला दिला, तर एक सॉफ्टवेअर उणे १४ दाखवते आणि दुसरे उणे १७. आता मीटर खोटा, इंटरफेस खोटा की मीच खोटा, हे कळत नाही. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

सोल्डर_आणि_सूर

तिघेही थोडेथोडे, असे म्हणावे लागेल. आपण मोजमाप कोणत्या दोन टोकांमध्ये घेतले, हे लिहिलेले नाही, परंतु आकड्यावरून ते जॅकचे टोक आणि ग्राउंड यांच्यामध्ये घेतले असावे असे वाटते. आउटपुट बॅलन्स्ड असेल, तर सिग्नल दोन तारांवर परस्परविरुद्ध दिशेने निम्मा-निम्मा वाटलेला असतो, आणि त्यातील एकच तार ग्राउंडच्या संदर्भात मोजली की व्होल्टेज अर्धे, म्हणजे ६ डेसिबल कमी दिसते. प्रोब टिप (जॅकचे टोक) आणि रिंग (त्यामागचे कडे) यांच्यावर लावून पुन्हा पाहावे.

तरीसुद्धा १.२२८चे निम्मे ०.६१४ होतात, ०.५७ नव्हेत. उरलेला फरक बहुधा मल्टिमीटरचा आहे. साध्या मल्टिमीटरची एसी श्रेणी ५० हर्ट्झच्या घरगुती विजेसाठी बनवलेली असते आणि तिच्या अचूकतेची हमी पुष्कळदा ४०० हर्ट्झच्या आसपासच संपते. त्यामुळे पातळी जुळवताना २०० हर्ट्झचा टोन घ्यावा; इंटरफेसला २०० काय आणि १००० काय, सारखेच. मीटरची अचूकता १ टक्का असेल, तर चूक ०.०९ डेसिबलच्या आत राहते आणि आपल्या कामाला तेवढे पुरेसे आहे.

दोन सॉफ्टवेअरांमधील ३ डेसिबलचा फरक ही चूकच नाही. डिजिटल कमाल पातळीच्या साइन लहरीला काहीजण ० म्हणतात, तर काहीजण आरएमएसची शुद्ध गणिती किंमत घेऊन तिलाच उणे ३.०१ म्हणतात. कोणती पद्धत धरली, ते वहीत लिहून ठेवावे आणि दोन्ही मिसळू नयेत.

खर्जातला_गंधार

मनःपूर्वक आभार. टिप आणि रिंग यांच्यामध्ये २०० हर्ट्झवर १.२२ व्होल्ट आले. तोच मीटर १ किलोहर्ट्झवर १.१४ दाखवतो. गेली चार वर्षे मी याच मीटरवर विश्वास ठेवून मिक्सरच्या पातळ्या लावत होतो, हे आता उघडपणे सांगायलाही संकोच वाटतो.

आता मुख्य प्रश्न. टेपयंत्र कशाशी जुळवायचे? मंडळाच्या टेपांवर सुरुवातीला कोणताही टोन नाही. थेट तंबोराच सुरू होतो.

निवृत्त_तंत्रज्ञ

धागा उशिरा पाहिला. माझी उमर टेपयंत्रांपाशी गेली आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

हस्तांतरणात होणाऱ्या चुकांची प्रथम दोन टोपल्यांत विभागणी करावी. एका टोपलीत नंतर संगणकावर दुरुस्त करता येणाऱ्या चुका आणि दुसरीत कधीही दुरुस्त न होणाऱ्या. पातळी दोन डेसिबलने कमी आली, तर २४ बिटमध्ये काहीच बिघडत नाही. वेग एक टक्का चुकला, तर तो आकडा कळल्यावर दुरुस्त होतो. इक्वलायझेशन (वरच्या-खालच्या स्वरांची ठरलेली वाढ-घट) चुकीचे लागले, तर त्याचा वक्र गणिताने ठाऊक असल्यामुळे तेही उलटवता येते. हेडचा अ‍ॅझिमथ (टेपच्या दिशेशी हेडचा काटकोन) चुकला, तर मात्र तारसप्तकाच्या वरचे जे काही होते, ते टेपवरून उचललेच जात नाही. जे फाइलमध्ये आलेच नाही, ते कोणत्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही. लोक नेमका उलटा क्रम धरतात. पातळीच्या काट्याकडे तासभर पाहत बसतात आणि अ‍ॅझिमथचा स्क्रू कारखान्यातून आला तसाच ठेवतात.

याचे प्रमाण किती, ते पाहा. १९ सेंटीमीटर वेगाला १० किलोहर्ट्झची एक लहर टेपवर फक्त १९ मायक्रॉन लांबीची असते. संपूर्ण रुंदीचा, म्हणजे सुमारे ६.३ मिलिमीटरचा हेड अंशाच्या केवळ सहाव्या भागाने कलला, तरी हेडच्या वरच्या आणि खालच्या टोकांमध्ये सुमारे १८ मायक्रॉनचा फरक पडतो. म्हणजे जवळजवळ पूर्ण एक लहर. वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याला खोडून काढतो आणि १० किलोहर्ट्झ जवळपास शून्य होते. सुरपेटीचा आवाज येत राहतो, गायकही ऐकू येतो. फक्त तंबोऱ्याची जवारी नाहीशी होते आणि ऐकणारा म्हणतो, ‘जुनी टेप आहे, चालायचेच.’

आपला हेड दोन ट्रॅकचा आहे, ही मोनो टेपांच्या बाबतीत सोय आहे. एकच मुद्रण दोन्ही ट्रॅकवर येत असल्यामुळे डावा-उजवा यांच्यातील फेज पाहून हेडचा कल मोजता येतो. ऑसिलोस्कोपवर किंवा संगणकावरील एक्सवाय दर्शकावर ही दोन्ही चॅनेल लावावीत. हेड सरळ असेल, तर तिरपी रेघ दिसते; कललेला असेल, तर ती फुगून लंबवर्तुळ होते. फक्त एक सावधगिरी घ्यावी. सुरुवात वरच्या स्वरांपासून करू नये. मघाच्याच कलाला दोन ट्रॅकच्या मध्यांमधील अंतर ४ मिलिमीटर धरले, तर १ किलोहर्ट्झला फेजचा फरक सुमारे २२ अंश येतो, परंतु १० किलोहर्ट्झला तो २२० अंश होतो. स्क्रू चुकीच्या दिशेने फिरवत गेलो, तर ३६० अंशांवर पुन्हा सुंदर सरळ रेघ दिसते आणि माणूस समाधानाने झोपतो. म्हणून आधी खालच्या वारंवारतेत लंबवर्तुळ मिटवून रेघ करावी आणि मगच वर जावे. आणि हे सर्व होईपर्यंत दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो करू नये.

सातासमुद्रापार

काकांच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी जर्मनीत असतो आणि छंद म्हणून हेच काम करतो. टेस्ट टेपविषयी थोडी भर घालतो.

पातळी आणि इक्वलायझेशन यांसाठी मात्र प्रमाणित टेस्ट टेप हवीच, त्याला पर्याय नाही. तिच्यावरील चुंबकीय प्रवाहाची पातळी नॅनोवेबर प्रति मीटरमध्ये दिलेली असते. जुनी अमेरिकी पातळी १८५, नंतरची २५० आणि युरोपात ३२०. १८५ आणि ३२० यांत पावणेपाच डेसिबलचा फरक आहे, म्हणून खोक्यावरील आकडा वाचल्याशिवाय गेनला हात लावू नये. बी७७च्या मॅन्युअलात शून्य व्हीयूसाठी (पातळीच्या काट्याच्या शून्यासाठी) २५७ दिलेले आहे; २५०ची टेप वापरली, तर पाव डेसिबलचाच प्रश्न उरतो.

दुसरे असे की, टेस्ट टेपा सहसा संपूर्ण रुंदीवर मुद्रित केलेल्या असतात. दोन ट्रॅकच्या हेडवर त्या वाजवल्या की खालच्या स्वरांत हेड आपल्या ट्रॅकच्या बाहेरील चुंबकत्वही थोडेसे ओढून घेतो आणि बास प्रत्यक्षापेक्षा वाढलेला दिसतो. मी पहिल्यांदा हा वाढलेला बास ‘दुरुस्त’ केला होता आणि नंतर महिनाभर सगळ्या टेपा पातळ का वाजतात याचा शोध घेत होतो.

तिसरे, आपले यंत्र इक्वलायझेशनच्या एनएबी (अमेरिकी) वक्राचे आहे की आयईसी (युरोपीय), हे पाहावे. १९ सेंटीमीटरला एनएबीचा वरचा कालस्थिरांक (वक्र कुठे वळतो ते ठरवणारा आकडा) ५० मायक्रोसेकंदांचा आणि आयईसीचा ७०चा आहे. शिवाय एनएबीला खाली ३१८० मायक्रोसेकंदांचाही आहे. आयईसीची टेप एनएबीवर वाजवली, तर १० किलोहर्ट्झला २.७ डेसिबल आणि ५० हर्ट्झला ३ डेसिबल कमी येतात, म्हणजे दोन्ही टोके दबतात.

निवृत्त_तंत्रज्ञ

उत्तम माहिती. त्यात एकच जोडतो. टेस्ट टेपने अ‍ॅझिमथ लावला म्हणजे तो आपल्या मैफलीला लागू झाला, असे नव्हे. मैफल ज्या यंत्रावर मुद्रित झाली, त्याचा हेड जसा वाकडा होता, तशीच ती टेपवर लिहिली गेली आहे, आणि आपल्याला त्या वाकडेपणाशी जुळवून घ्यायचे आहे. म्हणून टेस्ट टेपवर स्क्रूची जागा बारीक मार्करने खूण करून ठेवावी, नंतर प्रत्येक टेपसाठी तिच्याच ध्वनीवर अ‍ॅझिमथ लावावा आणि काम झाल्यावर खुणेवर परत यावे. पेचकस चुंबकीय नसावा. टेस्ट टेप लावण्यापूर्वी हेड साफ करून, यंत्र बंद असतानाच, डीमॅग्नेटाइझ करावे आणि तो डीमॅग्नेटाइझर सावकाश दूर नेऊन मगच बंद करावा. चुंबकत्व साचलेल्या हेडवर ती महाग टेप फिरवणे म्हणजे काट्याच्या वजनालाच कानस लावणे.

मायक्रोफोनप्रेमी

थोडे अवांतर : मायक्रोफोनसाठी असे प्रमाण कोणते? मोबाइलवरील डेसिबल अ‍ॅप चालेल का?

सोल्डर_आणि_सूर

मायक्रोफोनच्या तोंडावर बसवायचा ध्वनी कॅलिब्रेटर मिळतो. तो १ किलोहर्ट्झला ९४ डेसिबल, म्हणजे १ पास्कल दाब देतो. त्याला स्वतःला एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र असावे. अ‍ॅप चालणार नाही. टेपांमध्ये याचा संबंध येत नाही, म्हणून इथेच थांबतो.

खर्जातला_गंधार

दोन आठवड्यांनी लिहितो आहे. टेस्ट टेप मिळाली, पातळी आणि वक्र लागले. पहिल्या मोनो टेपवर फेज पाहिली, तर रेघ नव्हतीच, चांगली जाड अंडाकृती होती. स्क्रू पाव फेऱ्याहून कमी फिरवला असेल. ७०० हर्ट्झच्या आसपास अंडाकृती मिटून रेघ झाली, मग ३ किलोहर्ट्झवर, मग ८वर. त्यानंतर हेडफोन लावले. तबल्याच्या चाटीवर बोट पडल्यावर जो कोरडा कण उडतो, तो आधी नव्हताच.

वेगाच्या बाबतीत मात्र अडकलो. एका मित्राने सुचवले की, टेपवर विजेची जी गुणगुण आहे, ती ५० हर्ट्झची असणार. ती मोजावी आणि ५०वर आणावी, म्हणजे पट्टी आपोआप बरोबर होईल. मी २२ सेकंदांचे तुकडे घेऊन एफएफटी (ध्वनीतील वारंवारता वेगळ्या करून दाखवणारे गणित) काढली. मोनो टेपांवर ५०.० येते, स्टिरिओ टेपांपैकी एका टेपवर ४८.६ येते. म्हणजे ती टेप पावणेतीन टक्क्यांनी हळू चालते आहे का?

निवृत्त_तंत्रज्ञ

थांबा, कृपया अजून काहीही दुरुस्त करू नका. आधी एक प्रयोग करावा. प्ले दाबून टेपऐवजी कोऱ्या लीडरचा (चुंबकीय थर नसलेल्या पट्टीचा) तुकडा फिरवावा आणि तीच एफएफटी काढावी. ५०.० तिथेही दिसली, तर ती आपल्याच यंत्राची, आजच्या विजेची गुणगुण आहे.

खर्जातला_गंधार

दिसली. ट्रान्सफॉर्मरजवळून गेलेली केबल हलवल्यावर ती १४ डेसिबलने खाली गेली. परंतु मोनो टेपांवर तिच्याखाली टेपची स्वतःची गुणगुण शिल्लक आहे आणि तीही ५०.० हर्ट्झच आहे. स्टिरिओ टेपवरील ४८.६ कायम.

निवृत्त_तंत्रज्ञ

आता खरी गंमत सुरू होते. मंडळाचे जुने मोनो यंत्र सिंक्रोनस मोटरचे होते का, याची चौकशी करावी. अशा मोटरचा वेग विजेच्या वारंवारतेलाच बांधलेला असतो. १९८०च्या दशकात आपल्याकडे संध्याकाळी मागणी वाढली की वारंवारता ४९च्याही खाली जाणे नित्याचे होते. समजा, त्या रात्री ती ४८.६ होती. मोटर तेवढ्याच प्रमाणात हळू फिरली, टेप हळू सरकली आणि तिच्यावर ४८.६ची गुणगुणही लिहिली गेली. आज योग्य वेगाने वाजवल्यावर टेप मूळच्यापेक्षा वेगाने फिरते, गुणगुण ५०.० होते आणि गाणे मात्र चढते. म्हणजे सिंक्रोनस यंत्राच्या टेपवर गुणगुण नेहमीच ५० येणार, मग पट्टी किती का चुकेना.

उलट, नंतरचे स्टिरिओ यंत्र इलेक्ट्रॉनिक सर्व्होचे (स्वतःचा वेग मोजून सांभाळणाऱ्या मोटरचे) असेल, तर त्याचा वेग विजेवर अवलंबून नव्हता. त्याने ४८.६ला प्रामाणिकपणे ४८.६ लिहिले. ती टेप बरोबर आहे. आपण तिला ओढून ५०वर नेली असती, तर बरोबर असलेली पट्टी ४९ सेंटने, म्हणजे पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधील अंतराच्या निम्म्याने चढली असती. ना पांढरी पाच, ना काळी चार.

परदेशी पुस्तकांत गुणगुणीचा हा उपाय दिलेला असतो, कारण तिथली वारंवारता आपल्यासारखी हेलकावत नव्हती. आज आपल्याकडेही ४९.९० ते ५०.०५ एवढाच पट्टा ठरलेला आहे. आपल्या पश्चिम विभागात जुलै २००२मध्ये उपलब्धतेवर आधारित वीजदर आल्यावर ही शिस्त लागत गेली. त्याआधीच्या टेपांना हे घड्याळ लावता येत नाही.

तंबोरा_मिरज

मी वादक आहे, यंत्रांतले फारसे कळत नाही. परंतु पट्टीसाठी तंबोऱ्यावर विसंबू नये. तो गवयाच्या गळ्याप्रमाणे लागतो आणि मैफलीच्या मध्ये पुन्हा लागतो. पेटी पाहावी. मंडळाची स्वतःची पेटी असेल आणि तीच दोन्ही काळांत वाजली असेल, तर तिचे सूर काही सेंटांच्या पलीकडे सहसा हलत नाहीत. मात्र मधल्या काळात पेटी दुरुस्तीला गेली होती का, हे विचारावे.

सोल्डर_आणि_सूर

त्यापूर्वी बी७७चा स्वतःचा वेग तपासून घ्यावा. टेस्ट टेपचा टोन मोजावा. शिवाय एक घरगुती पडताळणीही आहे. कोऱ्या टेपवर सलग टोन मुद्रित करून तिच्यात ११.४३ मीटर अंतरावर लीडरचे दोन छोटे तुकडे जोडावेत. १९.०५ सेंटीमीटर वेगाला हे अंतर बरोबर ६० सेकंदांचे आहे. टोन जिथे तुटतो, त्या दोन कडांमधील वेळ फाइलमध्ये मोजावी. इंटरफेसच्या घड्याळाची चूक इथे नगण्य असते. अंतर पोलादी मोजपट्टीने घ्यावे आणि टेप ताणू नये. एक सेंटीमीटरची चूक म्हणजे ०.०९ टक्के, सुमारे दीड सेंट.

खर्जातला_गंधार

सर्व करून पाहिले. क्रमाने लिहितो.

दोन तुकड्यांमधील वेळ ५९.९४ सेकंद आली, म्हणजे यंत्र ०.१ टक्क्याने जलद आहे. टेस्ट टेपच्या टोननेही तेवढेच दाखवले, त्यामुळे सर्व मोजमापांतून तेवढे वजा केले.

मंडळाच्या जुन्या कार्यवाहांना भेटलो. पेटी एकच, १९९३पर्यंत कधीही दुरुस्तीला न गेलेली. जुने यंत्र त्यांच्या माळ्यावर निघाले. मागच्या पाटीवर मोटरचा प्रकार वाचता आला : सिंक्रोनस, ५० हर्ट्झ. नंतरचे यंत्र सर्व्होचे असल्याचे त्याच्या पुस्तिकेवरून कळले.

मग दोन्ही टेपांवरील पेटीच्या काळी एकचा सूर मोजला. स्टिरिओ टेपवर तो २७९.४ हर्ट्झ आला आणि मोनो टेपवर २८७.६. गुणोत्तर १.०२९. ५०ला त्याने भागले की ४८.६ येतात, म्हणजे मोनो टेपच्या त्या संध्याकाळी वीज साधारण तेवढ्यावर होती. खोक्यावर वेळ लिहिलेली आहे : सायंकाळी ७ ते ९.

आणखी एक गोष्ट दिसली. त्याच टेपच्या अखेरीस, भैरवीच्या वेळी, पेटीचा सूर २८४.१पर्यंत उतरलेला आहे, म्हणजे २१ सेंट खाली. गवयी उतरलेला नाही, पेटी उतरणे शक्य नाही. वीज तेवढी ४९.२पर्यंत सावरली असणार. त्यामुळे संपूर्ण टेपला एकच आकडा लावणेही चुकीचे ठरेल.

निवृत्त_तंत्रज्ञ

फार सुंदर काम. आता मूळ हस्तांतरण ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये, वेगाला हात न लावता जपून ठेवावे आणि वेगदुरुस्ती फक्त वेगळ्या प्रतीत करावी. दर पाच मिनिटांनी पेटीचा सूर मोजून तो वक्र फाइलसोबत द्यावा. स्क्रूची दिशा आणि फेराही प्रत्येक टेपसाठी लिहून ठेवावा.

खर्जातला_गंधार

वही घातली आहे. टेप क्रमांक, अ‍ॅझिमथ, पातळी, वक्र, पेटीचा सूर, आणि शेवटच्या रकान्यात विजेचा अंदाज. ६२पैकी नऊ झाल्या. दहाव्या टेपचे खोके उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला आणि प्रकाशासमोर धरल्यावर रीळ पारदर्शक दिसते आहे. ही अ‍ॅसिटेटची असेल, तर तिला काळाने चिकट झालेल्या टेपांसारखे ऊब देऊन चालत नाही, एवढे वाचले आहे. ती आज लावलेली नाही. तिच्यासाठी वेगळा धागा काढतो.